नेमकं इथेच आहे

मेटल डिटेक्टर खोटं बोलत नाही. "इथे धातू आहे," हे तो छातीठोकपणे सांगतो. कुठल्या इथे, असं विचारलं की मात्र एकदम मोघम होतो. रात्री दिवा मालवल्यावर कानाशी गुणगुणणाऱ्या डासाबद्दल आपल्याला जेवढी खात्रीलायक माहिती असते, तेवढीच त्याच्याकडे असते: आहे, जवळ आहे, आणि तुमची झोप उडवणार आहे.

भारतात असताना हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुण्यात मॉलच्या दारात रखवालदार हातातली ती काळी दांडी अंगावरून फिरवायचा, कमरेपाशी ती 'पीं' करायची आणि तो म्हणायचा, "जा साहेब." पट्ट्याचं बक्कल वाजलं, किल्ल्या वाजल्या की आणखी काही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. गणपतीत मंडपाच्या तोंडाशी उभी केलेली ती चौकट तर येणाऱ्या प्रत्येकाला वाजायची, आणि वाजणं हाच तिचा गणेशोत्सवातला सहभाग होता. पीं झाली की काम झालं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. इंग्लंडात सफक परगण्यात राहायला आल्यावर कळलं की इथे पीं झाल्यावर माणसं गुडघ्यावर बसतात.

इथे हा रीतसर छंद आहे. ऑगस्टमध्ये गव्हाची काढणी झाली की धसकटांच्या रिकाम्या रानात हेडफोन लावलेली, मान खाली घातलेली, एका हाताने दांडी डावी-उजवी फिरवणारी माणसं दिसायला लागतात. बहुतेक सगळी निवृत्त. आधी शेतकऱ्याची परवानगी काढायची, संरक्षित स्मारकाच्या जागी फिरकायचं नाही, खणलेला खड्डा बुजवायचा, आणि सापडलेली वस्तू कायद्याने खजिना ठरत असेल तर १४ दिवसांत कळवायचं. खजिना म्हणजे काय, हे १९९६ च्या कायद्यात लिहून ठेवलंय. साधारण हिशेब असा की वस्तू ३०० वर्षांहून जुनी हवी आणि तिच्यात निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी हवी. नाणी असतील तर एका जागी किमान दोन हवीत. एकट्या नाण्याला कायदा भाव देत नाही. या कायद्याची झळ मला अजून लागलेली नाही. माझ्या पिशवीत बिअरच्या डब्यांच्या कड्या येतात, चॉकलेटची चांदी येते, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं येतात. आणि शीतपेयाच्या डब्यांचे तुकडे. एक डबा कापणीयंत्राखाली गेला की त्याच्या चिंध्या होतात आणि प्रत्येक चिंधी स्वतंत्रपणे, संपूर्ण आत्मविश्वासाने वाजते.

वाजायला माझी हरकत नाही. वाजलेलं नेमकं कुठे आहे हे ठरवणं, ज्याला या मंडळींत 'पिनपॉइंट करणं' म्हणतात, तो खरा भोग. गणित बघा. माझ्या यंत्राच्या दांडीच्या टोकाची तबकडी ११ इंची. एका पौंडाचं नाणं जेमतेम साडेतेवीस मिलिमीटर व्यासाचं. तबकडीचं क्षेत्रफळ नाण्याच्या सुमारे १४० पट भरतं. म्हणजे यंत्र 'खाली आहे' म्हणतं तेव्हा ते 'या १४० घरांपैकी एका घरात आहे, दार वाजवत बसा' असं म्हणत असतं. त्यातून चुकीच्या जागी कुदळ घातली तर दोनच शक्यता. एक, खड्डा वाढत जातो आणि बांधावरून जाणारा शेतकरी विहिरीला पाणी लागलं का, म्हणून विचारतो. दोन, कुदळीचं पातं बरोब्बर त्या नाण्यावर बसतं आणि सातशे वर्षं मातीत सुखाने झोपलेल्या एखाद्या राजाच्या नाकावर कायमचा वण उठतो.

या विद्येतले माझे गुरू म्हणजे आमच्या गावातले एक निवृत्त बसचालक. मनातल्या मनात मी त्यांना गुरुजी म्हणतो, तोंडावर नावाने हाक मारतो. इथे पंचाहत्तरीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारावी लागते, आणि दर वेळी आईचा धपाटा पाठीत बसल्याचा मला भास होतो.

गुरुजींची पहिली शिकवण फुलीची. तबकडी आडवी फिरवायची. आवाज जिथे सगळ्यात टिपेला जाईल तिथे मनातल्या मनात एक रेघ मारायची. मग काटकोनात वळून उभं राहायचं आणि परत फिरवायची, दुसरी रेघ. दोन रेघा छेदतील तिथे खणायचं. भूमितीच्या दृष्टीने यात काही खोट नाही. पण भूमिती कागदावर चालते, तिथे रेघ पेन्सिलीची असते. माझी रेघ मनातली, आणि मी वळलो की मनही वळतं. खाली बघावं तर चहूकडे एकाच उंचीची, एकाच रंगाची धसकटं. मघाशी 'हे वाकडं धसकट लक्षात ठेवू' म्हणून ठरवलेलं धसकट वळेपर्यंत सरळ झालेलं असतं. म्हणून मी पहिल्या रेघेवर पाऊल ठेवून वळायला लागलो. आवाज एकदम खणखणीत आला, दोन्ही बाजूंनी आला, आणि मी सरकलो की माझ्याबरोबर सरकला. माझे बूट कामावरचे, पुढे स्टीलची टोपी असलेले. गुरुजी बराच वेळ शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "डावा अंगठा मात्र अगदी अचूक शोधलास."

या दुःखात मी एकटा नाही, हा दिलासा इतिहास देतो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात राहिली. कुठे, ते कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टरांनी जखमेत बोटं घालून चाचपलं आणि होतं त्यापेक्षा वाईट करून ठेवलं. मग टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. त्यांनी तारेच्या वेटोळ्यांचं एक यंत्र तयार केलं, त्याची परीक्षाही घेतली, आणि ते व्यवस्थित चालत होतं. अध्यक्षांच्या अंगावरून फिरवल्यावर मात्र भलतीकडेच वाजायला लागलं, कारण त्यांच्या गादीत लोखंडी तारांच्या स्प्रिंगा होत्या. भरीला मुख्य डॉक्टरांची पक्की समजूत की गोळी उजवीकडेच आहे, त्यामुळे बेलसाहेबांना शोधायलाही उजवीच बाजू मिळाली. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले. गोळी डावीकडे निघाली. एवढ्या मोठ्या माणसासाठी, एवढ्या मोठ्या माणसाने, आणि 'आहे' याबद्दल कुणालाही शंका नसताना! मी रबरी गमबूट घेतले.

बूट बदलले तेव्हा लक्षात आलं की अर्धा घोळ तबकडीतच आहे. तबकड्यांच्या मुख्य जाती दोन. एकीत मोठ्या वेटोळ्याच्या पोटात छोटं वेटोळं असतं. तिची नजर जमिनीत उलट्या शंकूच्या आकारात उतरते आणि वस्तू बहुधा मध्याखाली मिळते. दुसरी डबल-डी. हिच्यात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, जराशी एकमेकांवर चढवून बसवलेली असतात. ही टोकापासून टाचेपर्यंत एका उभ्या पट्टीत बघते. खनिजं जास्त असलेल्या मातीत ती कमी बिचकते आणि एका फेरीत जास्त जमीन धुंडाळते, म्हणून हल्ली सगळे हीच घेतात. आणि मग वस्तू पट्टीच्या पुढच्या टोकाला आहे, मधे आहे की मागे, याचा अंदाज बांधत बसतात. दुकानदार बिचकण्यापर्यंत आणि धुंडाळण्यापर्यंत सगळं सांगतो. पुढचं आपलं आपण अनुभवायचं.

डबल-डीसाठी गुरुजींकडे वेगळा मंत्र आहे. वस्तूच्या वर तबकडी भराभर, बोटभर डावी, बोटभर उजवी हलवायची, आणि तशीच हलवत स्वतः मागे मागे सरकायचं. आवाज ज्या क्षणी तुटेल तिथे थांबायचं. वस्तू तबकडीच्या पुढच्या काठाला, अगदी नाकाखाली. पद्धत खरोखर अचूक आहे, मी तिच्यावर पैज लावायला तयार आहे. फक्त ती करताना माणूस कसा दिसतो, याचा विचार ती शोधून काढणाऱ्याने केलेला नसावा. कमरेत वाकलेला, कानाला हेडफोन, हातातली दांडी थरथरवत उलट्या पावलांनी रान तुडवणारा एक सावळा, टक्कल पडलेला गृहस्थ. शेजारच्या पायवाटेने घोड्यावरून चाललेल्या बाईंनी घोडा थांबवला आणि "तुम्ही ठीक आहात ना?" म्हणून विचारलं. इथे हा प्रश्न नमस्कार म्हणून विचारतात, उत्तराची वाट कुणी बघत नाही. त्या उत्तरासाठी थांबल्या. मी हेडफोन काढून म्हणालो, "नाणं शोधतोय." त्यांनी पर्स उघडायला घेतली.

यंत्रावर 'पिनपॉइंट' लिहिलेलं बटण असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न बायकोने विचारला. प्रश्न रास्त होता. एरवी तबकडी सतत हलती ठेवावी लागते, थांबली की आवाजही थांबतो. हे बटण दाबून धरलं की न हलवताही ती वाजत राहते आणि वस्तू जवळ येईल तसा आवाज चढत जातो. पण चढतो तो चांगला हातभर रुंदीत. त्यावरही उतारा आहे. वस्तूच्या जरा बाजूला, आवाज अर्धामुर्धा चढलेला असताना बटण सोडायचं आणि लगेच परत दाबायचं. आता तेवढ्या आवाजाला यंत्र शून्य धरतं आणि त्याहून जास्त असेल तिथेच बोलतं. पुन्हा सोडा, पुन्हा दाबा. हातभराचं वर्तुळ ताटाएवढं होतं, ताटाचं वाटीएवढं. थोडक्यात, यंत्राला आधी जरा बहिरं करायचं, म्हणजे ते कामाचं तेवढंच ऐकतं.

हे मी सासूबाईंनाही समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे हे असेच होते."

सासूबाई वाईच्या. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या आणि नेमक्या त्याच सुमाराला मी मागच्या अंगणातल्या हिरवळीत सरावाची बाग केली. ही कल्पनाही गुरुजींचीच. ओळखीची नाणी मोजून-मापून पुरायची: एक दोन इंचांवर, एक चार, एक सहा. एक आडवं, एक उभं, कारण उभ्या नाण्याचा आवाज बारीक आणि फसवा येतो. एका नाण्याशेजारी मुद्दाम गंजका खिळा. प्रत्येक जागी दात कोरायची काडी खोचायची, आणि मग काड्यांकडे न बघता, नुसत्या आवाजावरून जागा सांगायचा सराव. बायको म्हणाली, "लोक बागेत ट्यूलिप लावतात." सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. पैसे पेरणारा जावई त्यांनी प्रथमच पाहिला होता. पीक कधी येतं, एवढंच त्यांनी विचारलं. मग बटव्यातून एक रुपया काढून म्हणाल्या, "आपला ओळखतंय का बघा."

आपला हल्लीचा रुपया स्टीलचा. यंत्राची मोठी पंचाईत झाली. पहिल्या फेरीत ते लोखंड म्हणून गुरगुरलं, दुसऱ्या फेरीत चांदी म्हणून किंचाळलं, तिसऱ्या फेरीत गप्प बसलं. सपाट, गोल लोखंडी वस्तूंच्या बाबतीत यंत्रांचा असा गोंधळ होतो, हे मी सांगितलं. सासूबाईंनी दुसरा निकाल ग्राह्य धरला.

आणि मग तो आवाज आला. मी खिळ्याशेजारचं नाणं शोधत, डोळे अर्धे मिटून फुली मारत होतो. धातू कुठला याचा अंदाज देणारा पडद्यावरचा आकडा एकदम नव्वदीत. आवाज स्वच्छ, गोल, घंटेचा. ज्याला अस्सल चांदी म्हणतात तो. काटकोनात वळलो, तरी तोच. पिनपॉइंटचं बटण दाबलं, सोडलं, दाबलं. वर्तुळ वाटीएवढं झालं, वाटीचं अंगठीएवढं झालं. इतकी देखणी, इतकी अचूक मोजणी माझ्या हातून कधी झाली नव्हती. डोळे उघडले तर तबकडीचं टोक सासूबाईंच्या चपलेला टेकलेलं.

"जोडवी आहेत ती," त्या म्हणाल्या. "लग्नातली. सापडली?"

जोडवी काढायचा प्रश्नच नव्हता आणि ते सुचवण्याची माझी टाप नव्हती. त्यामुळे सासूबाईंनी माझ्यापासून सहा फुटांवर उभं राहायचं, असं ठरलं. सहा फुटांवरून सूचना उत्तम ऐकू येतात, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्यांच्या मते माझी मूळ चूक यंत्र घेण्याचीच. "पायाळू माणूस लागतो, जावईबापू. पायाकडून जन्मलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं सगळं दिसतं." त्यांचे थोरले बंधू पायाळू. तरुणपणी त्यांना गावातल्या लोकांनी अमावास्येला एका पडक्या वाड्यात नेलं होतं आणि कसलंसं अंजन घातलं होतं. मी उत्सुकतेने विचारलं, काय दिसलं? "काय दिसणार? आठ दिवस डोळा उघडला नाही त्याचा. पण तो अंजन करणारा भोंदू निघाला म्हणून." पायाळूपणाकडे त्यांनी दोष जाऊ दिला नाही.

इथे सापडलेलं सरकारला कळवावं लागतं, हे मात्र त्यांना मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, आई, आपल्याकडचा कायदा तर याहून जुना आहे, १८७८ चा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. "दहा रुपये?" त्यांनी मनाशी हिशेब केला. "मग तुमची ही बागसुद्धा कळवायला पाहिजे." तेवढ्यात साताऱ्याहून मेहुण्याचा निरोप आलाच होता, की यंत्र घेऊन या, एक रविवार गडावर जाऊ. त्याला मी ताबडतोब फोन केला. संरक्षित किल्ल्यावर खणणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी त्या मातीत कुदळ घालायची माझी छाती नाही. तो म्हणाला, "भावजी, नुसतं पीं करून बघू की. खणायचं कुणी सांगितलंय?" तो पुण्यातल्या मॉलच्या परंपरेतला.

जागा अचूक सापडली तरी भोग संपत नाही, फक्त जमिनीखाली उतरतो. गवताळ जागा असेल तर तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरी म्हणून ठेवायची आणि मातीसकट गवताचा चौकोन उलटा पाडायचा. मग हातातला छोटा पिनपॉइंटर, म्हणजे अगदी जवळचा धातू तेवढा सांगणारी कांडी, खड्ड्यात घालायचा. मघाशी बोंबलत असलेली जागा आता चिडीचूप. का? एक तर वस्तू खड्ड्याच्या भिंतीत आहे. किंवा उलटलेल्या ढेकळात आहे. किंवा उकरलेल्या मातीच्या ढिगात. किंवा, आणि हे सगळ्यात जिव्हारी लागणारं, ती कधी नव्हतीच: जुन्या लोखंडाचा गंज आजूबाजूच्या मातीत झिरपून जागा वस्तूपेक्षा मोठी वाजत असते, आणि माती हलली की तो पसारा मोडतो आणि आवाज विरतो. आपण मग एका गंजाच्या डागासाठी गुडघे भिजवून बसलेलो असतो.

ढिगातलं शोधायची रीत अशी: यंत्र आडवं ठेवायचं, मूठभर माती घ्यायची आणि मूठ तबकडीवरून फिरवायची. वाजली तर वस्तू मुठीत. ही रीत मला फार आवडली, कारण पहिलीच मूठ वाजली. दुसरीही. तिसरीही. ढीग संपत आला तरी प्रत्येक मुठीत सोनं. गुरुजींनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. लग्नाची अंगठी. ती काढून खिशात ठेवावी, तर घरी गेल्यावर तिच्याबद्दल द्यावं लागणारं स्पष्टीकरण मातीपेक्षा खोल जातं. मी डाव्या हाताने मुठी भरायला शिकलो.

असं सगळं शिक्षण चाललेलं असताना एका शनिवारी शेतकऱ्याचा फोन आला. गेल्या आठवड्यात कापणीयंत्र रानातच बंद पडलं होतं, तिथे दुरुस्ती केली, आणि १९ नंबरचा पाना तिथेच कुठेतरी राहिला. यंत्र घेऊन येशील का?

माझे हात कापायला लागले. कारण सांगतो. याच सफकमध्ये हॉक्सन नावाचं गाव आहे. तिथे १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधायला त्याने एरिक लॉज या आपल्या मित्राला बोलावलं, कारण त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता यंत्र भलतीकडेच वाजलं आणि खाली निघालं रोमन काळाच्या अखेरीस पुरलेलं घबाड: सोन्या-चांदीची जवळजवळ १५ हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे. लॉजसाहेबांनी शहाणपणा केला, सगळं उपसत न बसता कळवून टाकलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी येऊन ते रीतसर उकरलं. बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड. त्यातला वाटा त्यांनी शेतकऱ्याला दिला. हातोडाही सापडला, आणि तो आता ब्रिटिश म्युझियमच्या मालकीचा आहे. तेव्हापासून या परगण्यातला प्रत्येक डिटेक्टरवाला आपल्या शेतकऱ्याचं काहीतरी हरवावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो.

गाडीत मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. नाण्यांचं त्यांना विशेष वाटलं नाही. पण त्या घबाडात चांदीच्या चार मिरेदाण्या होत्या आणि रोमन लोक मिरी आपल्या मलबारातून मागवायचे, हे ऐकून त्या बसल्या जागी वळल्या. "मिरी आपली, आणि ठेवायला चांदीचं भांडं! आणि मी जन्मभर स्टीलच्या मिसळणाच्या डब्यात ठेवतेय."

पाना शोधायचा म्हणजे लोखंडाचा आवाज चालू करावा लागतो. एरवी आम्ही तो बंद ठेवतो, कारण इंग्लंडच्या मातीत दोन हजार वर्षांचे खिळे आहेत. तो चालू केल्याबरोबर सगळं रान गुरगुरायला लागलं. नालांचे तुकडे, साखळीच्या कड्या, काटेरी तारा. सासूबाई सहा फुटांवर, पदर खोचून. तासाभराने एक दणदणीत गुरगुर आली, आणि वीतभर पुढे दुसरी. दोन वस्तू! माझ्या डोळ्यांपुढे पाना आणि त्याच्याशेजारी रोमन संदूक उभी राहिली. पहिल्या जागी खणलं. काही नाही. दुसऱ्या जागी खणलं. काही नाही. दोन्ही खड्डे समोरासमोर, मधे न खणलेल्या मातीचा बांध.

"मधे बघा की," सहा फुटांवरून आवाज आला.

मी त्यांना शास्त्र सांगणार होतो, तेवढ्यात शास्त्रच आठवलं. लांबट लोखंड आडवं पडलेलं असलं की तबकडीला त्याची दोन टोकं दोनदा वाजतात आणि मधे शांतता. अशा वेळी तबकडी हळूहळू वर उचलायची. दोन आवाजांचा एक झाला तर वस्तू एकच. उचलली. एक झाला. मधल्या बांधात खुरपं घातलं तर वीतभर खाली ठण्ण. गंजलेला, मातीने माखलेला, पण पाना. भलामोठा, दोन्ही तोंडांचा.

"गेल्या आठवड्यात पडलेला पाना एवढ्या खाली गेला कसा?" सासूबाईंनी विचारलं. मी ट्रॅक्टरच्या वजनाबद्दल काहीतरी बोललो. विजयाच्या क्षणी असल्या शंका काढू नयेत.

शेतकरी आला. त्याने पाना पॅंटवर पुसला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ धरला. त्यावर अपूर्णांकात आकडा होता आणि पुढे डब्ल्यू. म्हणजे व्हिटवर्थ, मिलिमीटर येण्याआधीचं जुनं इंग्रजी माप. त्याच्या आजच्या एकाही यंत्राच्या नटाला तो बसणार नव्हता. तो जोरजोरात हसायला लागला. पाना त्याच्या वडिलांचा होता, आणि तो लहान असताना हा हरवल्याबद्दल वडिलांनी त्याला चांगला धोपटून काढला होता. त्याने त्यांना शपथेवर सांगितलं होतं की मी पान्याला हातही लावला नाही.

मी सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचारा त्याला, खरंच लावला नव्हता का?"

मी विचारलं. तो थोडा वेळ पान्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सायकल दुरुस्त करायला घेतला होता."

"बघा," सासूबाई म्हणाल्या.

मग मी त्या १९ नंबरच्या पान्याचं विचारलं. तो इथे नव्हताच बहुतेक, शेतकरी म्हणाला. आता आठवतंय, यंत्र बंद पडलं ते जरा पलीकडे. नेमकं कुठे, म्हणून विचारलं. "तिकडेच," असं म्हणत त्याने हात लांब केला, आणि तो हात ओढ्याकाठच्या झाडांपासून सुरू झाला तो सावकाश फिरत फिरत चर्चच्या मनोऱ्यापाशी जाऊन थांबला.